मुकी झालेली बोलकी पेटी

घरांतील कोणती वस्तु बिघडली असतां माणसें सर्वांत अधिक गोंधळून जातात, असें कोणी विचारलें, तर पूर्वीं बहुधा घड्याळाचें नांव घेतलें गेलें असतें. आज वाय-फायचें नांव निघेल. दिवा गेला तर वायरमन येतो, नळ गळूं लागला तर प्लंबर येतो. दोघेहि बिघाडाच्या जागेवर बोट ठेवून दाखवितात. परंतु डोळ्यांना न दिसणारा हा संबंध तुटला म्हणजे नेमकें काय तुटलें, हेंच कोणास सांगतां येत नाहीं. त्यांतहि अलीकडे शहरांतील अनेक घरांत आलेला जो स्मार्ट स्पीकर, म्हणजे हाक मारतांच ओ देणारी ती वाटोळी पेटी, ती एकाएकी ओ देईनाशी झाली कीं घरांत मोठी चमत्कारिक स्थिति उत्पन्न होते. कोणी तिच्यावर ओरडतो, कोणी तिला टिचक्या मारतो, कोणी तिचें बटण दाबून दाबून तिची सर्व स्मृति पुसून टाकतो. आणि पेटी आहे तशीच मुकी राहते.

या पेटीचा घरांतील वाय-फायशीं मेळ कां बसत नाहीं, तो बसवावयाचा कसा, आणि तो बसवितांना कोणत्या संकटापासून सावध राहावयाचें, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित व मराठी शिकविण्यांत गेलीं. परंतु उदाहरण चुकलें असतां पाटी पुसून टाकावयाची नसते, तर कोणत्या पायरीला चूक झाली ती शोधावयाची असते, हें जें वर्गांत सांगावें लागतें, तेंच या बाबतींतहि पुरेसें पडतें असा माझा अनुभव आहे.

प्रथम ही पेटी काम कशी करते तें पाहूं. रेडिओ आणि हा स्पीकर दिसावयास भाऊभाऊ असले, तरी स्वभावानें फार निराळे आहेत. मुंबईस नभोवाणीचें केंद्र सन १९२७ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून आजतागायत रेडिओचें काम एकमार्गी राहिलें आहे. केंद्रानें बोलावें, रेडिओनें ऐकवावें. तुमचा रेडिओ कोणत्या खोलींत आहे, किंबहुना तो आहे किंवा नाहीं, याचा केंद्राला पत्ताहि नसतो. स्मार्ट स्पीकरचें तसें नाहीं. अ‍ॅमेझॉन कंपनीचा 'एको' अमेरिकेंत २०१४ सालीं निघाला व आपल्याकडे २०१७ सालीं आला. गूगलचा स्पीकर भारतांत २०१८ सालीं आला. या पेट्यांना स्वतःची बुद्धि थोडी असते. आपणांस कोणी नांवानें हाक मारली काय, एवढें त्या स्वतः ओळखतात. हाक ऐकल्यानंतरचे तुमचे शब्द त्या बहुधा बिनतारी लहरींवरून राउटरकडे, आणि राउटर तारेनें दूरवरच्या मोठ्या संगणकांकडे पाठवितो. तेथें त्या शब्दांचा अर्थ लावला जातो आणि उत्तर त्याच वाटेनें परत येतें. हा सारा प्रवास एकदोन सेकंदांत आटोपतो, म्हणून आपणांस वाटतें कीं पेटीच बोलली. वाट तुटली म्हणजे पेटीचा घसा शाबूत असतो, कानहि शाबूत असतात. तुटलेली असते ती केवळ वाट.

या वाटेवर चार मुक्काम आहेत. पहिला मुक्काम स्वतः स्पीकर. दुसरा, स्पीकर आणि राउटर यांच्यामधील मोकळी हवा व भिंती. तिसरा, राउटर. चौथा, राउटरपासून बाहेर जाणारी तार व तिच्या पलीकडची सेवा. याखेरीज एक पांचवा गृहस्थ आहे, आणि तो म्हणजे आपला मोबाईल. स्पीकरला अक्षरांच्या कळा नसतात. मग घरच्या वाय-फायचें नांव व पासवर्ड त्याला सांगावयाचा कोणीं? तें काम मोबाईलमधील अ‍ॅप करतें. लग्न जुळविणारा मध्यस्थ असतो ना, तशी मोबाईलची येथें भूमिका आहे. स्थळ सुचवावें, दोन्ही पक्षांची गांठ घालून द्यावी आणि बाजूला व्हावें. एकदां गांठ पडली कीं मोबाईल बंद असला तरी स्पीकरचा संसार चालतो. म्हणून रोज चालणारा स्पीकर आज बंद पडला, तर मोबाईलला दोष देण्यांत अर्थ नाहीं. उलट नवा स्पीकर मुळांत जोडलाच जात नसेल, तर मध्यस्थाकडेहि पाहावें लागतें.

आतां तपासणीस आरंभ करूं. पहिला प्रश्न असा कीं, बिघाड घराच्या आंत आहे कीं बाहेर? तो ठरविण्याची रीत सोपी आहे, परंतु तींत एक खाचखळगा आहे. पुष्कळ लोक मोबाईल उघडून पाहतात, त्यांत चित्रें दिसतात, बातम्या येतात. आणि ते निष्कर्ष काढतात कीं वाय-फाय उत्तम आहे. परंतु मोबाईल हा धूर्त प्राणी आहे. वाय-फायमध्यें दम नसला कीं तो गुपचूप सिमकार्डाच्या डेटावर जातो आणि मालकाला कळूंहि देत नाहीं. म्हणून मोबाईलमधील डेटा प्रथम बंद करावा, वाय-फाय तेवढें चालू ठेवावें, आणि मग एखादें नवें पान उघडून पाहावें. तें उघडलें तर बाहेरची वाट मोकळी आहे. न उघडलें तर स्पीकरला हात लावण्याचें कारणच नाहीं, राउटरजवळ जावें. आजकाल बहुतेक ठिकाणीं कांचेच्या तंतूची जोडणी असते. तिच्या पेटीवर 'एल-ओ-एस' अशीं अक्षरें असलेला एक लहान दिवा असतो. तो तांबडा झाला असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोंचतच नाहीं असें समजावें. ती पिवळी बारीक तार कोठें मुडपली आहे काय, कपाटामागें दाबली गेली आहे काय, एवढें पाहावें आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. तेथें आपला इलाज संपतो.

बाहेरची वाट मोकळी आहे असें ठरलें, तर दुसरा उपाय म्हणजे सर्वांना एकदां विश्रांति देणें. राउटरची वीज बंद करावी, अर्धा मिनिट थांबावें, पुन्हां चालू करावी, आणि तीनचार मिनिटें त्याला निवांतपणें उठूं द्यावें. तो पुरता जागा झाल्यावर मग स्पीकरची वीज बंद करून चालू करावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. याला कित्येक लोक तोडगा समजून हसतात; पण हा तोडगा नव्हे. राउटर हा एक लहानसा संगणकच आहे. घरांतील प्रत्येक उपकरणाला तो एक तात्पुरता घरक्रमांक देतो आणि त्यांची नोंद ठेवतो. महिनोगणती अखंड चालल्यावर या नोंदींत घोटाळे होतात. वीज गेली म्हणजे त्या पुसल्या जातात आणि नवी वही सुरू होते. शिवाय कित्येक राउटरांत एका वेळीं किती उपकरणें जोडावयाचीं यालाहि मर्यादा असते. चार माणसांच्या घरांत मोबाईल, दूरदर्शन संच, मुलांचे लॅपटॉप, दारावरचा कॅमेरा असें मोजूं लागलें तर संख्या सहज पंधरावर जाते. जुना मोबाईल कपाटांत पडल्या पडल्या जागा अडवून बसलेला असतो, तो वेगळाच.

एवढ्यानें काम झालें नाहीं, तर पुढचा मुक्काम, म्हणजे लहरींचा. येथें थोडें शास्त्र सांगतों. तें कंटाळवाणें नाहीं. विद्युच्चुंबकीय लहरी खरोखरीच हवेंतून जातात हें जर्मनींत हाइन्रिख हर्ट्झ यांनीं १८८८ च्या सुमारास प्रयोगानें सिद्ध केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९५ च्या सुमारास, कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं अगदीं आंखूड लहरी निर्माण करून, भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखविली. लहरींची लांबी हा येथें कळीचा मुद्दा आहे. मध्यम लहरींवरील रेडिओ केंद्र १००० किलोहर्ट्झवर असेल, तर त्याची एक लहर ३०० मीटर लांब असते. घर, झाड, भिंत यांची ती फारशी पर्वा करीत नाहीं. वाय-फायच्या लहरी त्या मानानें अगदींच ठेंगण्या. वाय-फायचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें आणि 'वाय-फाय' हें नांव १९९९ सालीं रूढ करण्यांत आलें. घरोघरीं त्याचे सामान्यतः दोन पट्टे वापरले जातात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, त्याची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. त्याची लहर सहा सेंटिमीटरांच्या आसपास. पहिला पट्टा गतीनें मंद, पण भिंती ओलांडण्यांत चिवट. दुसरा चपळ, पण भिंत आली कीं दमणारा. साध्या व स्वस्त स्पीकरांपैकीं कित्येकांना, आणि वाय-फायवर चालणाऱ्या दिव्यांना व प्लगांना तर बहुतांशीं, पहिलाच पट्टा समजतो. राउटरमध्यें हा पट्टा बंद केलेला असेल, तर मोबाईल सुखानें चालेल आणि शेजारीं बसलेला स्पीकर मात्र "मला येथें वाय-फायच दिसत नाहीं" असें म्हणेल. दोघेहि खरेंच बोलत असतात. अशा वेळीं राउटरच्या व्यवस्थेंत जाऊन २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू करावा, आणि शक्य असल्यास त्याला वेगळें नांव द्यावें. म्हणजे कोणतें उपकरण कोठें जोडलें आहे हें डोळ्यांना दिसतें.

लहरींचे शत्रु घरांतच असतात. धातूचें कपाट, मोठा आरसा, शीतकपाट, पाण्याची टांकी आणि लोखंडी सळ्या घातलेली कॉंक्रीटची भिंत, हे सर्व लहरी अडवितात किंवा गिळतात. जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंती तर विचारूंच नयेत. जेवण गरम करण्याची मायक्रोवेव्ह भट्टीहि २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. म्हणून ती चालू असतां स्वयंपाकघरांतील स्पीकर अडखळूं लागला, तर आश्चर्य मानूं नये. दोघांत चार हातांचें अंतर ठेवावें. राउटर शोभेसाठीं दूरदर्शन संचाच्या मागें, फडताळाच्या आंत, किंवा जमिनीलगत ठेवण्याची आपल्याकडे फार संवय आहे. पाहुण्यांना तो दिसूं नये म्हणून आपण तो लपवितों, आणि मग तो उपकरणांनाहि दिसत नाहीं. राउटर घराच्या मध्यभागीं, उंचावर, मोकळ्या जागीं असावा. पहिल्या जोडणीच्या वेळीं स्पीकर व मोबाईल हे दोघेहि राउटरपासून आठदहा फुटांच्या आंत आणावे. जोडणी झाल्यावर स्पीकर त्याच्या जागीं न्यावा. जवळ चालतो आणि जागेवर नेल्यावर मुका होतो, असें झालें तर दोष अंतराचा व भिंतींचा आहे, यंत्राचा नव्हे, हें सिद्ध झालें.

मोठ्या सोसायट्यांत आणखी एक अडचण असते. वर, खालीं, उजवीकडे, डावीकडे प्रत्येक फ्लॅटमध्यें एक राउटर, आणि सर्वांचा आवाज एकाच पट्ट्यांत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चॅनेल पुष्कळ दिसले, तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल सामान्यतः तीनच धरतात: १, ६ आणि ११. राउटर स्वतः चॅनेल निवडीत असेल तर उत्तम. नाहींतर या तिहींपैकीं एक हातानें निवडून पाहावा. मंडईंत सगळेच एका ठिकाणीं उभे राहून ओरडूं लागले, तर भाव कोणालाच ऐकूं येत नाहीं. थोडें बाजूला सरकलें कीं ऐकूं येतो. यापेक्षां त्यांत अधिक गूढ कांहीं नाहीं.

आतां नांव आणि पासवर्ड. माझ्या पाहण्यांत आलेल्या तक्रारींपैकीं निम्म्याहून अधिक येथें येऊन थांबतात. पासवर्डांत लहान अक्षर व मोठें अक्षर हीं निराळीं मानलीं जातात. शून्य आणि इंग्रजी 'ओ', आंकडा एक आणि इंग्रजी 'एल', यांची गल्लत होते. मोबाईल आपण होऊन पहिलें अक्षर मोठें करतो, किंवा शेवटीं एक रिकामी जागा सोडतो, ती दिसत नाहीं पण मोजली जाते. म्हणून पासवर्ड टाकतांना डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवून तो उघडा करून वाचावा, आणि दुसऱ्या कोणाकडून एकेक अक्षर मोठ्यानें वाचवून घ्यावें. शाळेंत शुद्धलेखन तपासतांना आपण हेंच करीत होतों. नव्या राउटरांत संरक्षणाची 'डब्ल्यू-पी-ए ३' ही नवी पद्धति असते. जुन्या स्पीकरला ती कळत नाहीं. तेथें '२ आणि ३ मिश्र' अशी निवड असते, ती करावी. संरक्षण अजीबात काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र ऐकूं नये. घराचें दार सरकत नाहीं म्हणून दारच काढून ठेवण्यासारखें तें आहे. पाहुण्यांसाठीं म्हणून राउटरमध्यें जें वेगळें वाय-फाय असतें, त्यावरहि स्पीकर जोडूं नये. तेथें उपकरणांना एकमेकांशीं बोलूं देत नाहींत. वसतिगृहांत किंवा हॉटेलांत, जेथें आधीं एक पान उघडून नांव-नंबर भरावा लागतो, तेथें बिचाऱ्या स्पीकरला तें पान भरतांच येत नाहीं. म्हणून बहुधा तो तेथें चालत नाहीं.

मध्यस्थाची, म्हणजे मोबाईलची तपासणी थोडक्यांत सांगतों. ब्लूटूथ चालू असावें. अ‍ॅपला स्थानाची व जवळपासचीं उपकरणें शोधण्याची परवानगी दिलेली असावी. कित्येकजण सावधगिरीनें ती नाकारतात आणि मग अ‍ॅपला स्पीकर दिसत नाहीं. व्ही-पी-एन वापरीत असाल तर तेवढ्यापुरतें बंद करावें. अ‍ॅप अद्ययावत् असावें. आणि स्पीकर जोडणीसाठीं तयार आहे काय हें त्याच्या दिव्यावरून पाहावें. 'एको'मध्यें नारिंगी दिवा फिरूं लागला म्हणजे तो नव्या जोडणीस तयार आहे असें समजावें. त्याच पेटीवर दिवा तांबडा स्थिर असेल, तर मात्र वाय-फायचा कांहीं संबंध नाहीं. कोणीतरी पुसतांना कान बंद करण्याचें बटण दाबलें आहे. तें पुन्हां दाबलें कीं झालें.

एवढें करूनहि निर्णय लागेना, तर एक कसोटी आहे, जी सर्व वाद मिटविते. घरांतील दुसरा मोबाईल घ्यावा, त्याचा हॉटस्पॉट चालू करावा, आणि स्पीकर त्यावर जोडून पाहावा. जोडला गेला, तर स्पीकर निर्दोष आहे व दोष राउटरच्या व्यवस्थेंत आहे. दोन निरनिराळ्या मोबाईलांवरहि जोडला गेला नाहीं, तर दोष स्पीकरकडे असण्याचा संभव मोठा; मगच त्याची स्मृति पुसण्याचा विचार करावा. स्मृति पुसणें हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. ती पुसली कीं सगळ्या जोडण्या पहिल्यापासून कराव्या लागतात, आणि मूळचा दोष राउटरमध्यें असेल तर तो जागच्या जागीं राहतो.

श्रोतेहो, ही सारी खटपट कशाकरितां, असें तुम्ही म्हणाल. गाणें ऐकलें नाहीं तर काय बिघडलें? ज्यांच्या घरांत पेटी केवळ गाण्यांसाठीं आहे त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु आमच्या सोसायटींतील एक काकू आहेत. वय ब्यायशी. काचबिंदूनें एका डोळ्याची दृष्टि गेलेली, दुसऱ्याची अर्धी उरलेली. मुलगा बंगलोरला. त्यानें त्यांच्या उशाशीं हा स्पीकर ठेवून दिला होता. सकाळीं सात वाजतां आणि रात्रीं नऊ वाजतां "डोळ्यांत थेंब घाला" असें तो सांगत असे. काकूंना घड्याळाचे कांटे दिसत नाहींत, मोबाईलवरचीं अक्षरें तर मुळींच नाहींत. त्या हाक मारून वेळ विचारीत, मुलाला फोन लावावयास सांगत. काचबिंदूचे थेंब नियमानें घालावे लागतात, कारण त्या रोगांत गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली राखावयाची, एवढेंच हातीं असतें.

पुढें इंटरनेटची सेवा बदलली. नव्या कंपनीचा मनुष्य आला, त्यानें जुना राउटर काढून नवा बसविला, मोबाईलवर वाय-फाय चालू करून दाखविलें, सही घेतली आणि गेला. स्पीकरचा विषय त्याच्या कामांत नव्हता. त्या रात्रीं नऊ वाजतां पेटी बोलली नाहीं. काकूंना वाटलें, अजून नऊ व्हावयाचे असतील. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वयंपाकाच्या बाईंना सांगून मला बोलावून घेतलें.

"मास्तर, ही माझ्याशीं बोलेनाशी झाली आहे. मीं तिला कांहीं वावगें बोललें नाहीं हो."

"काकू, ती रुसलेली नाहीं," मीं म्हटलें. "तिला वाट सांपडत नाहीं. जुन्या राउटरचें नांव काय होतें, आठवतें?"

नांव त्यांना कोठून आठवणार? मुलाला फोन लावला. त्यानें जुनें नांव व जुना पासवर्ड सांगितला, आणि म्हणाला, "गुरुजी, मी रविवारीं येऊन पेटी पुन्हां जोडतों." रविवारास चार दिवस होते. परंतु त्याची गरज पडली नाहीं. नव्या राउटरच्या व्यवस्थेंत जाऊन त्याचें नांव बदलून जुन्या राउटरचें नांव ठेवलें, आणि पासवर्डहि जुनाच, अक्षरास अक्षर, लहानमोठें जसेंच्या तसें. दोन मिनिटांत पेटी आपोआप जोडली गेली. राउटर बदलला आहे हें तिला कळलेंहि नाहीं. नांव ओळखीचें, खूण ओळखीची. तिनें दार उघडलें. श्रोतेहो, आजच्या बोलण्यांतील एकच गोष्ट लक्षांत ठेवावयाची असेल, तर ही ठेवा. राउटर बदलला तर नव्याला जुनें नांव व जुना पासवर्ड द्या. घरांतील स्पीकर, दिवे, कॅमेरे, सर्व आपोआप मार्गीं लागतील. जुना पासवर्ड अगदींच सोपा असेल तर मात्र ती संधि साधून तो बदलावा, आणि सर्वांची गांठ पुन्हां घालण्याची तयारी ठेवावी.

याच प्रसंगीं एक गोष्ट थोडक्यांत चुकली. काकूंच्या स्वयंपाकाच्या बाईंनीं आदल्या दिवशीं, मदत करावी या चांगल्या हेतूनें, मोबाईलवर 'ग्राहक सेवा' असें शोधून एका नंबरावर फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थानें गोड आवाजांत सांगितलें कीं, एक अ‍ॅप मोबाईलवर घ्या, म्हणजे तुमचा पडदा मला दिसेल, आणि नोंदणीसाठीं दहा रुपये पाठवा. सुदैवानें त्या बाईंनीं "मालकिणीला विचारतें" म्हणून फोन ठेवला. तो फोन ठेवला नसता तर काकूंच्या निवृत्तिवेतनाचें काय झालें असतें, हें सांगावयास नको. म्हणून स्पष्ट सांगतों. शोधून सांपडलेल्या नंबरावर फोन करूं नका. नंबर खोक्यावरचा, बिलावरचा किंवा अ‍ॅपच्या आंतला घ्या. पडदा दाखविणारें अ‍ॅप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊं नका. ओटीपी कोणालाहि सांगूं नका. स्पीकर जोडण्यासाठीं बँकेचा कोणताहि आंकडा लागत नाहीं. तो मागणारा मनुष्य स्पीकर दुरुस्त करावयास बसलेला नाहीं. आणि फसवणूक झालीच, तर लाज न धरतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. पहिले कांहीं तास मोलाचे असतात. तेवढ्यांत कळविलें तर पैसे वाटेंत अडविले जाण्याचा संभव असतो.

शेवटीं दोन व्यवहाराच्या सूचना करून हें बोलणें संपवितों. पहिली सूचना वहीची. प्रत्येक घरांत एका वहीचें एक पान या कामासाठीं राखावें. त्यावर वाय-फायचें नांव, पासवर्ड, इंटरनेट कंपनीचा ग्राहकक्रमांक व बिलावरील फोन नंबर, स्पीकर कोणाच्या खात्यावर जोडला आहे त्याचें नांव, एवढें ठसठशीत अक्षरांत लिहावें, आणि वही कपाटांत ठेवावी. राउटरवर चिकटवूं नये. मुलें दूर गांवीं असतात, त्यांच्या डोक्यांत असलेला पासवर्ड ऐन वेळीं आईवडिलांच्या उपयोगीं पडत नाहीं. दिवाळींत मुलें घरीं आलीं कीं फराळाच्या आधीं त्यांच्याकडून हें पान लिहून घ्यावें.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. ज्या गोष्टीवर माणसाचें आरोग्य अवलंबून आहे ती एकट्या यंत्रावर सोंपवूं नये. पेटीनें आठवण करावी, हें ठीकच. परंतु भिंतीवर औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्या, आणि शेजाऱ्यांपैकीं एकानें दिवसांतून एकदां विचारपूस करावी. काकूंच्या घरीं आतां तशी व्यवस्था आहे. रात्रीं नऊ वाजतां पेटी बोलते, आणि तिचा आवाज झाला नाहीं तर समोरच्या फ्लॅटमधील कॉलेजांत जाणारी मुलगी दार वाजविते. पेटी सहा महिन्यांत दोनदां गप्प राहिली, दोन्ही वेळां वीज गेली म्हणून. पण थेंब एकदांहि चुकले नाहींत.

यंत्र समजून घेणें अवघड नसतें. घाबरून न जातां एकेका मुक्कामावर थांबून पाहावें लागतें, इतकेंच. आपल्या घरची बोलकी पेटी मुकी झाली असेल, तर आज संध्याकाळीं मोबाईलचा डेटा बंद करून पहिल्या पायरीपासून आरंभ करा. बहुधा तिसऱ्या-चौथ्या पायरीपलीकडे जावें लागणार नाहीं.